मामोखेथीच्या भिंतीवरचं ऊन

मामोखेथीचं डोकं मे महिन्यात फिरलं, ते जून संपत आला तरी ताळ्यावर आलं नव्हतं. आणि का यावं? सत्तरी ओलांडलेल्या बाईचं ऊन तिच्या पोटच्या पोराने हिरावून घेतलं होतं.

आफ्रिकेच्या दक्षिणेकडे, लेसोथोच्या डोंगरात जून म्हणजे ऐन हिवाळा. सकाळी बादलीतल्या पाण्यावर बर्फाची पापडी धरते आणि माणसं उन्हाच्या मागे मागे सरकत दिवस काढतात. या कामी मामोखेथीच्या गोल घराची पुढची भिंत अख्ख्या हा-मोसी गावात नामी होती. दोन्ही बाजूंना वेळूच्या काड्यांचा कूड, त्यामुळे वारा नाही. आणि सूर्य कड्यावर आला की पहिलं ऊन याच भिंतीवर. बावन्न हिवाळे ती इथे बसली. पाय पसरायचे, गुडघ्यांवर ब्लँकेट ओढायचं, ज्वारीच्या गरम आंबिलीचा वाडगा दोन्ही हातांत धरायचा. मक्याच्या वाळल्या कणसांचे दाणे काढायचे, पोरींच्या वेण्या घालायच्या आणि जी माणसं तिथे नसतील त्यांची मनसोक्त उणीदुणी काढायची. शेजारीण मालिनेओ तर स्वतःच्या घरी चूल पेटवण्याआधी इथे येऊन बसायची.

मामोखेथीचा नवरा सोन्याच्या खाणीतून फुफ्फुसं खराब करून परतला, तेव्हा शेवटचे दोन हिवाळे त्याने याच भिंतीला पाठ लावून काढले. ऊन लागलं की खोकला जरा थांबायचा आणि त्याचा डोळा लागायचा. दर वसंतात ती भिंत शेणामातीने नव्याने लिंपायची, बोटांनी नक्षी काढायची, पण त्याच्या पाठीने गुळगुळीत झालेली जागा तेवढी सोडून द्यायची. कोणी विचारलं तर माती पुरली नाही म्हणून सांगायची.

मोखेथी तिचा थोरला. बापासारखाच सीमेपलीकडच्या खाणीत कामाला, आणि तिथल्या इतर पोरांसारखाच वर्षातून एकदा, नाताळच्या सुट्टीत घरी येणारा. तेव्हा भर उन्हाळा असतो. सूर्य डोक्यावर, मका कमरेएवढा वाढलेला, घराघरात बिअर आणि मटण. गेल्या डिसेंबरात त्याने जाहीर केलं की आईला सिमेंटचं पक्कं घर बांधून देणार. दोरी धरली, खुंट्या ठोकल्या. मामोखेथी म्हणाली, इथे नको, अंगण अडतंय, माझ्या भिंतीवर सावली पडेल. तो हसला आणि म्हणाला, बघ की, कुठे आहे सावली? डिसेंबरात सावली असते कुठे! तिच्या भिंतीपासून सात पावलांवर पाया पडला आणि साहेब निघून गेले.

गवंड्याने मेपर्यंत भिंती उभ्या केल्या. सूर्य खाली कलत गेला तशी नव्या घराची सावली रोज थोडी पुढे सरकली. आधी अंगण गेलं, मग उंबरा, मग नवऱ्याच्या पाठीची जागा. आता ऊन भिंतीवर यायचं ते अकरा वाजून गेल्यावर, आणि तीनच्या सुमाराला ते डोंगराआड बुडायचं. नात पालेसाची वेणी आता घरात, शेणीच्या धुरात घालावी लागायची आणि दोघींच्या डोळ्यांतून पाणी वाहायचं. मालिनेओ येईनाशी झाली. ती म्हणाली, तुझ्याकडे येऊन कुडकुडायचं तर माझं घर काय वाईट?

मामोखेथीने फोन केला. मोखेथीने तोडगा सांगितला, नव्या भिंतीला टेकून बस की, तिकडे ऊनच ऊन आहे. ती चार दिवस बसली. ऊन होतं, पण दरीतून येणारा वारा असा झोंबायचा की चौथ्या दिवशी मान आखडली. तिने पुन्हा फोन करून अशा काही शिव्या हासडल्या की पालेसा ब्लँकेटमध्ये तोंड खुपसून हसत राहिली.

हसण्यासारखं त्यात काही नव्हतं. मामोखेथीचं माहेरचं नाव पुलेंग. लग्न होऊन आली त्याच दिवशी सासूने तिला मामोखेथी, म्हणजे मोखेथीची आई करून टाकलं, मोखेथी पोटात यायच्या दीड वर्ष आधी. रीतच तशी. बावन्न वर्षं सगळं गाव तिला या पोराच्या नावाने हाक मारतंय, आणि हिवाळ्यात आई कुठे बसते हे या पोराला ठाऊक नाही. याचा तिला जास्त राग होता.

जूनच्या शेवटी मोखेथी दोन दिवसांची रजा काढून छपराचे पत्रे घेऊन आला. म्हणजे सावली आणखी वाढणार. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तिने त्याला उठवलं आणि भिंतीपाशी बसवलं. ब्लँकेट दिलं नाही. काय चाललंय ते बघायला मालिनेओही आली. त्याच्या अंगात शहरी जाकीट होतं, चकचकीत आणि निरुपयोगी. अर्ध्या तासात त्याने हात काखेत खुपसले.

"थंड आहे की गं इथे."

"असं? कधीपासून?"

तो म्हणाला, "मी तुझ्यासाठीच बांधलंय, आई."

"मला विचारलंस? तुझा बाप याच जागेवर बसून गेला."

"माहितेय मला."

"काय माहितेय तुला? शवपेटीला खांदा द्यायला आलास आणि तिसऱ्या दिवशी गेलास. दोन हिवाळे तो इथे श्वास ओढत बसला, ते मी पाहिलं. या मालिनेओने पाहिलं. तू डिसेंबरात यायचास, तेव्हा तो सावली शोधत फिरायचा. तुला वाटलं, म्हाताऱ्याला ऊन सोसत नाही."

मोखेथीने भिंतीकडे पाहिलं. तो खरंच तसंच समजत आला होता, हे त्याच्या चेहऱ्यावर दिसत होतं.

"डिसेंबरात सगळेच लेक असतात, मोखेथी," ती म्हणाली. "मला एखादा जूनमधला हवा होता."

साडेनऊ वाजले तरी तिघं सावलीतच. मग तो उठला, पँट झटकली, पिशवी उचलली. दहाची गाडी होती.

"तुझं बरोबर आहे, आई. वरचे चार थर उतरवायला हवेत. डिसेंबरात आलो की पहिलं काम तेच करतो."

त्याच्या बोलण्यात खोटेपणा नव्हता, तो मनापासून बोलत होता, आणि त्यानेच तिच्या अंगाची लाहीलाही झाली. ती गोठ्यात गेली आणि वाळून दगड झालेलं शेण खणायची पहार घेऊन आली. नव्या भिंतीशी गवंड्याचं पिंप पडलं होतं, त्यावर चढली. मालिनेओने तिला नको म्हटलं नाही. पिंप घट्ट धरलं आणि जपून गं, एवढंच म्हणाली. मामोखेथीने पहारेचं टोक वरच्या थरात घातलं आणि अंगाचा भार टाकला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा एक वीट सुटली आणि धप्पदिशी आत पडली.

फाटकाशी पोचलेला मोखेथी वळला. खालच्या रस्त्यावर गाडीचा हॉर्न वाजला. पुन्हा वाजला.

तो धावत आला. "आई, पडशील. दे ती पहार इकडे."

"तुझी गाडी जाईल."

"जाऊ दे."

तिने त्याच्याकडे पाहिलंही नाही. पहार पुढच्या विटेखाली घातली आणि म्हणाली, "ही माझी आहे. दुसरी गोठ्यात आहे, ती घेऊन ये."