आई : हयात, प्रकृती उत्तम

माझा एकही अर्ज कंपनीकडून परत आला नाही, अशी माझी चिखली-मेहकरच्या पट्ट्यात कीर्ती होती. आज ती आठवली की मला माझीच किळस येते. तेव्हा मात्र मी ती मिरवत फिरत होतो.

वऱ्हाड मध्यप्रांताला जोडलेला होता, त्या काळातली ही गोष्ट. मी मूळचा शाळामास्तर. मास्तरकीत भागेना म्हणून विम्याची एजन्सी घेतली आणि बैलगाडीतून गावोगाव हिंडू लागलो. कंपनी मुंबईची, अर्ज इंग्रजीत. प्रश्न मी वाचायचा, उत्तर शेतकऱ्याने द्यायचं, लिहायचं मी, आणि खाली सही किंवा अंगठा त्याचा. मग डॉक्टरांची तपासणी, मग मुंबईहून होकार. मधल्या वाटेत कुठे खडा लागू नये, हे बघणं माझं काम.

ते मी मन लावून करत होतो. डॉक्टरांपुढे पैलवानासारखी छाती फुगवून उभं राहू नका, आदल्या दिवशी पंगतीला बसू नका, विचारलं तेवढंच बोला, असं सगळं मी पढवायचो. दवाखान्यात माणसाचा काटा नव्हता, म्हणून लोकांना कापसाच्या बाजारातल्या काट्यावर चढवायचो. मापारी मण-शेरात वजन ओरडायचा आणि सगळा बाजार हसायचा. एका जमीनदाराने चारचौघांत पागोटं उतरवायला साफ नकार दिला. तेव्हा मी तेवढ्याच लांबीचं दुसरं पागोटं तोलून ते वजनातून वजा केलं. इतका मी काटेकोर. खोटं लिहायचं नाही हा माझा नेम होता, निदान मी तसं समजत होतो.

डोणगावचा तो माणूस भाजीपाला करणारा. वय तिशीच्या आतबाहेर, अंगाने काटक, बोलायला कमी. घरात बायको आणि चार वर्षांची मुलगी. जमीन चुलतभावांबरोबर सामाईक. त्याने स्वतःहून मला बोलावून घेतलं होतं, हे माझ्या धंद्यात क्वचितच घडायचं.

"मास्तर, मी गेलो त जमीन भावाईची," तो म्हणाला. "ते काही वाईट नाहीत. बायकोले भाकर देतीन. पण तिले ते मांगून खा लागन. तिच्या हातात तिचं असं एक काहीतरी राहू द्या."

बायको दाराआड उभी होती. नवरा स्वतःच्या मरणाबद्दल असं बाजारहाट केल्यासारखं बोलतो म्हणून तिने आतूनच त्याला दटावलं.

मी अर्ज उघडला. वडील? पटकीत गेले. भावंडं? कोणी नाही. आई?

"हाये ना. ते काय."

त्याने अंगणाच्या कडेला बसून मेथीच्या जुड्या बांधणाऱ्या म्हातारीकडे बोट दाखवलं. सत्तरीची, पण हात भराभर चालत होते आणि नजर इतकी साफ की मेथीतलं गवत ती न अडखळता वेचत होती. मी लिहिलं : आई हयात, वय सत्तर, प्रकृती उत्तम. लिहिताना बरंही वाटलं. असं उत्तर कंपनीला फार आवडायचं. त्याने खाली सही केली आणि बैल सोडायला विहिरीकडे गेला.

मी गाडीकडे निघालो तशी म्हातारी दोन जुड्या घेऊन कुंपणापाशी आली.

"काय लिवलं जी माह्याबद्दल?"

"लिहिलं, आई ठणठणीत आहे."

ती खुदकन हसली आणि आवाज खाली आणून म्हणाली, "मी कायची आई बाप्पा. माहं घर तं ते पलीकडचं. म्या इकत घेतला त्याले, सूपभर जवारी देऊन."

आमच्याकडे हे चालतं. एकामागून एक मुलं दगावली की पुढचं जगावं म्हणून ते जन्मताच दुसऱ्या बाईला विकायचं. ती सूपभर धान्य देऊन त्याला विकत घेते. त्या दिवसापासून मूल तिचं. सांभाळते खरी आईच, पण त्याला आपलं म्हणत नाही, आणि ते मूलही तिला आई म्हणत नाही. या पोराने जन्मदात्रीला काकू म्हटलं आणि शेजारणीला आई. ओळखीपाळखीच्या सगळ्यांना ठाऊक असतं, बोलून मात्र कोणी दाखवायचं नाही. बोललं की सौदा मोडतो आणि मरणाला पत्ता लागतो, अशी समजूत.

"आणि ती काकू?" मी विचारलं.

"ते तं केव्हाची गेली. खोकू खोकू सुकून गेली बिचारी. तिच्या बहिणीचंही तसंच झालं." मग तिने एकदम पदर तोंडाला लावला. "त्याच्याम्होरं काढू नका बरं मास्तर. तोंडातून निघून गेलं माह्या."

मी मान हलवली. मेथी गाडीत ठेवली. अर्ज माझ्या पिशवीत होता आणि तो माणूस हाकेच्या अंतरावर, विहिरीवर होता. परत जाऊन एक ओळ बदलायची होती. पण आईचा क्षय लिहायचा म्हणजे मुंबईहून उलट पत्र, दुसऱ्या डॉक्टरची तपासणी, जादा हप्ता. खाडाखोड झालेला माझा पहिला अर्ज. शिवाय त्याला विचारलं असतं तर त्याने सौदा मोडून खरं सांगितलं असतं का? नसतं सांगितलं, असं मी ठरवून टाकलं. उगाच त्याचं मन कशाला दुखवा, असं स्वतःला समजावत मी गाडी हाकायला सांगितली.

डॉक्टरांना त्याची छाती उत्तम वाटली. काट्यावर वजन चांगलं भरलं. महिन्याभरात पॉलिसी आली, ती मी स्वतः नेऊन दिली. बायकोने दोन्ही हातांनी घेतली, देवापुढे ठेवून कुंकू लावलं आणि लग्नातल्या लुगड्याच्या घडीत ठेवून दिली. मला त्या दिवशी फार मोठं काम केल्यासारखं वाटलं होतं.

अकरा महिन्यांनी तो विहिरीतला गाळ काढायला उतरला आणि कडेची दरड त्याच्या अंगावर आली. खोकला नाही, ताप नाही, काही नाही. धडधाकट माणूस मातीखाली गेला.

वर्षाच्या आत माणूस मेला की कंपनी चौकशी करायची. मुंबईहून एक निरीक्षक आले. सभ्य, हळू बोलणारे. पोलीस पाटलांनी जन्ममृत्यूची वही आणली. त्यात त्याचा जन्म जन्मदात्रीच्या नावावर होता आणि सहा वर्षांनंतरच्या पानावर तिचा मृत्यू, पुढे कारण : छातीचा रोग. चावडीच्या ओट्यावर आम्ही बसलो होतो. खांबाला टेकून त्याची बायको, मुलगी तिच्या मांडीवर. म्हातारी जरा पलीकडे.

निरीक्षकांनी म्हातारीला विचारलं, "बाई, हा मुलगा तुमचा?"

"माहाच."

"तुमच्या पोटचा?"

"इकत घेतला. इकत घेतलेली चीज आपलीच असते ना साहेब?"

त्यांनी ते जसंच्या तसं लिहून घेतलं, हसले नाहीत. मग माझ्याकडे वळले. "खरं लिहिलं असतं तर थोडा जादा हप्ता लावून आम्ही याला घेतलाच असता हो. छाती चांगली होती. आता मात्र उत्तर खोटं, म्हणजे करार रद्द." त्यांनी टाक खाली ठेवला. "एकच वाट आहे. घरच्यांपैकी कोणी अर्जाच्या वेळी तुम्हाला ही गोष्ट सांगितली होती का? सांगितली असेल, तर लपवाछपवी त्यांची नाही, तुमची. तुमची एजन्सी जाईल, पण या बाईंसाठी मला कंपनीशी भांडता येईल."

त्यांनी दार उघडून धरलं होतं. मी फक्त हो म्हणायचं होतं. बायको माझ्याकडे बघत होती. तिला यातलं काही कळत नव्हतं, फक्त आता मास्तर काहीतरी बोलणार आणि सगळं नीट होणार, एवढंच तिच्या तोंडावर दिसत होतं. म्हातारीही माझ्याकडे बघत होती. मला वाटलं, आता ही बोलेल. कुंपणापाशी याले म्या सांगतलं होतं, म्हणेल.

ती बोलली नाही.

"नाही," मी म्हणालो. "मला कोणी काही सांगितलं नव्हतं."

निरीक्षकांनी वही मिटली. नकाराचं पत्र पंधरा दिवसांनी आलं आणि ते वाचून दाखवायलाही मलाच जावं लागलं. ऐकून बायकोने लुगड्याच्या घडीतून पॉलिसी काढली आणि माझ्यापुढे ठेवली. "हे वापस द्या लागते का जी?" तिने विचारलं. लागत नाही, मी म्हणालो. तिने ती परत घडीत ठेवली. पलीकडच्या ओसरीवर चुलतभावाची बायको तिला पाणी भरायला हाका मारत होती. ती उठून गेली.

मी बाहेर पडलो तर म्हातारी कुंपणापाशी उभी. या वेळी तिच्या हातात काही नव्हतं. मला वाटलं, आता ती माझ्या तोंडावर थुंकेल. थुंकली असती तर बरं झालं असतं.

तिने दोन्ही हात जोडले.

"मास्तर, लय उपकार केले तुमी," ती म्हणाली. "चावडीत माहं तोंड वाचवलं. म्या तुमाले सांगतलं म्हून तो गेला. सौदा म्याच मोडला. सुनेले समजलं असतं तं तिनं मले दारात उभं केलं नसतं."

तू नाही गं मोडलास, मी मोडला, हे मला तिला सांगायचं होतं. तेवढं जरी सांगितलं असतं, तरी ती बाई त्या पापाचं ओझं न वाहता मेली असती. मी मान हलवली, पहिल्या खेपेला हलवली होती तशीच, आणि गाडीत जाऊन बसलो.

त्या वर्षीही माझा एकही अर्ज परत आला नाही.