चौदावा दात

गरम सुई चौदाव्या दाताजवळ नेली आणि धोटे काकांनी माझं मनगट धरलं.

"याले नको टोचू, पोरी. हा राजा आहे."

बाकीच्या तेरा दातांना त्यांनी टोचू दिलं होतं. दात नकली असला, रेझिन ओतून केलेला असला, तर गरम सुईने प्लास्टिक जळल्यासारखा वास येतो. तेरांपैकी एकालाही वास आला नव्हता. चौदावा माझ्या मधल्या बोटाएवढा होता. तपकिरी, चकचकीत, खाली जाड मूळ. मी सुई बाजूला ठेवली. मोठ्या माणसाला नाही म्हणणं मला अजून नीट जमत नाही.

काका हुडको कॉलनीत राहतात. इथल्या स्टील प्लांटच्या रेल मिलमध्ये तयार रूळ तपासून पास करायचं काम त्यांनी वर्षानुवर्षं केलं. रिटायर झाल्यावर ते ऑनलाइन मगरीचे जीवाश्म दात घ्यायला लागले. जीवाश्म दात म्हणजे कोट्यवधी वर्षं मातीखाली राहून दगडासारखे झालेले दात. आता ते सगळे आमच्या कॉलेजच्या जिऑलॉजी म्युझियमला द्यायचे होते. म्युझियम म्हणजे एक खोली आणि चार काचेची कपाटं.

जिऑलॉजीच्या सरांनी दातांची ओळख पटवायचं काम मला दिलं. मी बीएससीच्या शेवटच्या वर्षाला आहे. "देख ले अच्छे से," सर म्हणाले, "लेबल पे नाम तेरा जाएगा."

म्युझियमच्या लेबलवर सगळ्यात खाली एक ओळ असते: ओळख कुणी पटवली. उद्या कुणी शंका काढली तर उत्तर त्याच माणसाने द्यायचं. आमच्या घरातून माझ्याआधी कॉलेजात कुणी गेलेलं नाही. मार्कशीट सोडली तर माझं नाव कुठे छापलेलं नव्हतं. मला ते लेबल हवं होतं. आणि चुकायची भीतीही तेवढीच वाटत होती.

मगरीचा दात ओळखायच्या खुणा तशा सोप्या आहेत. आकार गाजरासारखा निमुळता, थोडा वाकलेला. आडवा छेद जवळजवळ गोल. समोरासमोरच्या दोन बाजूंना वरून खाली जाणारी एकेक बारीक धार, तिला कॅरिना म्हणतात. वरच्या आवरणावर उभ्या बारीक रेषा. गळून पडलेला दात खालून पोकळ असतो, कारण मगरीचा नवा दात जुन्याच्या पोटात वाढतो आणि जुन्याला ढकलून देतो. मगर आयुष्यभर दात बदलते. म्हणून तिचे दात इतके सापडतात.

भिंगाखाली अकरा दात या खुणांना उतरले. दोन उतरले नाहीत. त्यांचा खालचा भाग पोकळ नव्हता, हाडासारखा फुगीर होता आणि अंगावर चपटे पैलू होते. ते मोसासॉर नावाच्या समुद्रातल्या सरपटणाऱ्या प्राण्याचे निघाले. विकणाऱ्याने मगर म्हणून दिले होते. सरांनी मान डोलावली. मला बरं वाटलं.

राहिला राजा. धार होती, रेषा होत्या. विकणाऱ्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, 'मगर, पूर्ण दात, मुळासकट.' मी तेच लेबलच्या मसुद्यात उतरवलं.

संध्याकाळी मरोद्याला घरी मी बाबांना हे सांगत होते. बाबा रेल्वेत कॅरेज-वॅगनला फिटर आहेत. गाडी उभी राहिली की हातोडी घेऊन चाकं वाजवत जातात.

"वाजवून पायला का?" बाबांनी विचारलं.

"दात कोणी वाजवते का, बाबा?"

"कावून नाई? चाक चांगलं असलं तर टन्न करते. तडा असला तर बद्द. वरून मस्त चमकून राहिलं असते."

"सुई लावली ना मी."

"सगळ्याइले?"

राजाला लावली नव्हती. त्या प्रश्नाचं उत्तर मला लेबलवर द्यावं लागणार होतं.

सकाळी लॅब उघडल्या उघडल्या मी स्टीलच्या चिमट्याच्या मागच्या टोकाने एकेक दात हलकेच वाजवला. तेरा दात कपबशीसारखे किणकिणले. राजाचा शेंडाही किणकिणला. मधोमध आले आणि आवाज बद्द झाला. तिथेच कापसावर ॲसिटोन, म्हणजे गोंद विरघळवणारं द्रव, घेऊन पुसलं. कापूस तपकिरी झाला, वाळूचे कण निघाले आणि खालून एक आडवी भेग उघडी पडली. वरचा दात खरा, मगरीचाच. खालचं मूळ दुसऱ्याच कुठल्या दाताचं. मधली जागा गोंद आणि वाळूने भरलेली.

सरांना दाखवलं. ते म्हणाले, "अब उनको भी तू ही बताएगी."

काका आले. ते रागावून सगळा डबा परत नेतील, असंच मला वाटत होतं. मग मी त्यांच्यासमोर दात नुसता वाजवला. आधी शेंडा, मग मध्य.

काकांनी चिमटा माझ्या हातातून घेतला. स्वतः वाजवला. पुन्हा वाजवला.

"जिंदगीभर रूळ पास केले मी," ते म्हणाले, "अन् इथं फेल झालो. कोणं शिकवलं तुले हे?"

"बाबांनी. ते चाकं तपासतात."

"म्हणजे माह्या रुळावरचीच चाकं." ते खो खो हसले. "ठेव याले मधात. खरं लिहून ठेव. पोरं शिकतील."

"पर आपका राजा..." सर म्हणाले.

"राजाच आहे तो. खुर्ची तेवढी दुसऱ्याची."

लेबलवर लिहिलं: 'दात मगरीचा. मूळ वेगळ्या दाताचं, गोंदाने जोडलेलं.' खालच्या ओळीपाशी मी थांबले. कॉलेजात माझं नाव नुसतं रोशनी वानखेडे आहे. आमच्याकडे पूर्ण नाव म्हणजे मधे वडिलांचं नाव. मी लिहिलं, 'ओळख: रोशनी देवराव वानखेडे.'

दात कपाटात मांडले त्या दिवशी बाबा ड्यूटीवरून सरळ आले, निळ्या कपड्यांतच. चौदाही लेबलं त्यांनी सावकाश वाचली. चौदाही वेळा खालची ओळ सोडली नाही. मग वाकून नखाने काच वाजवली.

"पास," ते म्हणाले.

विकणाऱ्याची चिठ्ठी आता मी सगळ्यात शेवटी वाचते.