बास्क क्लबचा अर्धा नियम

ऑफिसात माझ्या शेजारी बसणारा बास्क माणूस मला पहिल्या दिवसापासून आवडला नाही. सिडनीजवळच्या पॅरामॅटातल्या आमच्या मजल्यावर सगळ्यांच्या खुर्च्या सारख्या, याच्या खुर्चीवर मात्र बारा महिने लाल-पांढरा स्कार्फ. त्याचे आजोबा स्पेनच्या उत्तरेकडच्या बास्क मुलखातून क्वीन्सलंडला ऊस तोडायला आलेले. हा स्वतः तिकडे जेमतेम दोनदा जाऊन आलेला, पण दर सोमवारी तिथल्या फुटबॉल क्लबचं पुराण लावायचा.

इंग्रज खलाशांनी आणि खाणवाल्यांनी तो खेळ तिथे नेला. पुढे यांनी तो इतका आपलासा केला की शंभराहून जास्त वर्षं बाहेरचा खेळाडू घेतलेला नाही, आणि तरीही पहिल्या डिव्हिजनमधून कधी खाली घसरले नाहीत. पाहुणा संघ पहिल्यांदा आला की त्याचा कप्तान एका जुन्या खेळाडूच्या पुतळ्यापुढे फुलं ठेवतो. कप जिंकला तर खेळाडू नावेत बसून नदीतून मिरवत येतात आणि दोन्ही काठांवर गाव लोटतं. "म्हणजे हा वंशवादच की," असं मी मुद्दाम म्हणायचो. तो चिडायचा, आणि तो चिडला की माझा सोमवार बरा जायचा.

पण बाहेरच्याला न घेण्याचा तो नियम माझ्या डोक्यात घर करून राहिला. कारण सांगायला लाज वाटते, तरी सांगतो. वेंटवर्थव्हिलच्या आमच्या मराठी मंडळाची मुलींची फुटबॉल टीम होती. त्या टीममध्ये माझी मुलगी गोलकीपर होती, पण दुसऱ्या नंबरची. तीन वर्षं ती बाकावर बसून संत्र्याच्या फोडी वाटत होती. पहिल्या नंबरवर होती आमच्या शेजारच्या नेपाळी कुटुंबातली मुलगी.

ही पोर चार वर्षांची असल्यापासून आमच्याकडे वाढलेली. तिचे आईवडील दोघंही शिफ्टला, त्यामुळे दुपारचा वरणभात आमच्याकडे. मराठी ती माझ्या बायकोकडून शिकली आणि मंडळाच्या रविवारच्या शाळेत पहिली आली. गोल अडवायलाही मंडळाच्याच मैदानावर शिकली. माझी मुलगी मराठी प्रश्नाला इंग्रजीत उत्तर देते. ही मला "काका, चहा टाकू का?" असं विचारायची. आणि मला तिचा राग यायचा, कारण ती खरोखरच चांगली खेळायची.

मंडळाच्या मीटिंगमध्ये मी उभा राहिलो आणि त्या क्लबची थोरवी गायली. आपणही बाणा दाखवू या, म्हणालो. ज्यांची आई किंवा वडील मराठी, त्यांनीच मंडळाच्या टीममधून खेळायचं. आमच्या सेक्रेटरीबाई म्हणाल्या, "अहो, ती आपलीच मुलगी आहे." मी म्हणालो, "आपली म्हणजे कोण, हे एकदा ठरवून टाका ना." हात वर झाले. माझ्या बाजूचे जास्त निघाले.

बायको घरी आल्यावर एवढंच म्हणाली, "तुला तिच्या तोंडावर सांगायची हिंमत नाही, म्हणून ठराव केलास." मी टीव्हीचा आवाज वाढवला.

दुसऱ्या दिवशी तीच पोर दारात आली. हातात घडी घातलेली जर्सी. "काका, धुऊन आणलीय. ग्लोव्हजपण आत आहेत." मी पिशवी घेतली. "आत ये" एवढं साधं म्हणायचं होतं, तेही मी म्हणालो नाही. माझी मुलगी जिन्यावरून सगळं बघत होती. "You're disgusting, Baba," एवढं बोलून ती वर निघून गेली. खेळली मात्र, कारण दुसरी गोलकीपर उरलीच नव्हती.

सोमवारी मी बास्काला ही हकिकत मोठ्या दिमाखात ऐकवली. वाटलं, खूष होईल. तो म्हणाला, "मेट, तू अर्धाच नियम उचललास. तिथे जन्मलेला, किंवा तिथे खेळायला शिकलेला. आईबाप कुठलेही असोत. हे मी तुला शंभरदा सांगितलंय. आमच्याकडे ती पोर राहिली असती." मग त्याने खुर्ची वळवली. त्यानंतर त्याने मला क्लबबद्दल एक अक्षर सांगितलं नाही. नियमातलं ते उरलेलं अर्धं मला आधीपासून माहीत होतं. मी ते सोयीने गाळलं होतं.

टूर्नामेंटमध्ये आमची मॅच नेपाळी असोसिएशनशी पडली. त्यांच्या गोलमध्ये तीच होती, उसन्या हिरव्या जर्सीत. दुसऱ्या हाफमध्ये आमच्या टीममधल्या एका मुलीने त्यांच्या गोलकडे उंच बॉल टाकला. शेजारची ती पोर गोलमधून पुढे धावली आणि ओरडली, "सोड, माझा आहे!" सहा वर्षं मंडळाच्या मैदानावर ती हेच ओरडत आली होती. तिच्या पुढे उभ्या असलेल्या तिच्याच टीममधल्या नेपाळी मुलीला मराठी कुठून कळणार? ती बाजूला झाली नाही. दोघी एकमेकींवर आदळल्या आणि बॉल टप्पे खात आत गेला.

मंडळाने जल्लोष केला. ती गुडघ्यावर बसून ग्लोव्हजवरची माती झटकत होती. अख्ख्या मैदानावर तिचं ओरडणं फक्त आमच्या लोकांना कळलं होतं. माझी मुलगी आमचा गोल उघडा टाकून, सगळं मैदान ओलांडून तिच्याकडे पळत गेली.

आजूबाजूचे सगळे टाळ्या वाजवत होते. मीही वाजवत होतो.