तेबानचं ताट, जोवीचा फोटो

माझा भाचा नांते उद्या मेला ना, तर स्वतःच्या मयताचेसुद्धा पाच व्हिडिओ करील, असं मी त्याच्या तोंडावर म्हटलेलं आहे. मेल्याने काय करावं? हसत म्हणाला, "तिया, हे वाक्य परत बोल ना, जरा खिडकीकडे तोंड करून."

नांते म्हणजे रेनांते, माझ्या धाकट्या बहिणीचा मुलगा, मला मावशीला तिया म्हणतो. तिशी उलटलेला घोडा. नर्सिंग अर्ध्यात सोडलं, कॉल सेंटर सोडलं, लग्न ठरलेली पोरगी याला सोडून गेली, आणि मग स्वारी इलोइलोला आली ती मोलोतल्या माझ्या मागच्या खोलीत पसरली. काम म्हणे परदेशी लोकांचं. कुणी अमेरिकन दातांचा डॉक्टर तासभर बडबडतो, ती बडबड नांते कापतो. एक तुकडा फेसबुकला, एक टिकटॉकला, त्यातलंच एखादं वाक्य फोटोवर चिकटवून इन्स्टाग्रामला, उरलंसुरलं लिहून काढून वेबसाइटला. सणाला भाजलेलं डुक्कर उरलं की दुसऱ्या दिवशी आपण व्हिनेगर घालून त्याचं पाक्सिव करतो ना, तसलाच प्रकार. हा बाबा फक्त डुक्कर ताटात यायच्या आधीच पाक्सिव उकळायला घेतो. तेही मी खपवून घेतलं. दात डॉक्टरचे, जीभ डॉक्टरची, माझ्या बापाचं काय जातंय?

पण डॉक्टर पुरेना, तसा हा माझ्या स्वयंपाकघरात घुसला.

नोव्हेंबरात मेलेल्यांच्या दिवशी मी नवऱ्यासाठी ताट वाढते. तेबानचा फोटो, पुढे ताट. त्यात भात, नारळीच्या पानात चिकट तांदूळ बांधून उकडलेले ईबोस, एक सिगारेट, बाजूला रमचा घोट. मेणबत्ती लावते आणि त्याच्याशी भांडते, कारण जिवंतपणी आमचं भांडण अर्धवट राहिलं. यंदाही म्हटलं, "गरम आहे तोवर खाऊन घे. तुझं काय जातंय, तू गेलास निघून. मी बसते इथे वाट बघत." नांते दारात फोन धरून उभा होता. मला वाटलं, आईला पाठवायला काढत असेल.

एकाच व्हिडिओचं त्याने काय काय केलं! यूट्यूबवर 'ईबोस कसे बांधावेत'. इन्स्टाग्रामवर 'आमच्या घरची रीत'. दोन्ही चांगले होते, खोटं कशाला बोलू? फेसबुकवरच्या तिसऱ्यात मात्र ताटामागून तेबान गायब आणि त्याच्या जागी माझी मुलगी, जोवी! वर मोठ्या अक्षरात, 'हाँगकाँगला जाऊन आईला विसरलेल्या लेकीसाठी रोज वाढलेलं ताट.'

माझी जोवी हाँगकाँगला लोकांची घरं सांभाळते. दर रविवारी फोन करते. चार वर्षांनी पहिल्यांदा नाताळाला घरी येणार होती. मी तिची गादीसुद्धा उन्हात टाकून ठेवली होती.

लोकांनी जोवीचं नाव शोधून काढलं आणि तिला नाही नाही ते बोलले. कृतघ्न काय, रांड काय. तिचा फोन आला तो रविवारची वाट न बघता.

"नानाय, लोक बोलतात ते बोलू देत. पण तू मला मेलेल्यांच्या ताटापुढे बसवलंस?"

जित्या माणसाचा फोटो त्या ताटामागे आमच्याकडे शेंबडं पोरसुद्धा ठेवणार नाही. आणि नांतेला हे माहीत नव्हतं होय? चांगलं माहीत होतं!

मी त्याचं दार बडवलं. "काढ ते! आत्ताच्या आत्ता काढ!"

"काढतो, तिया. पण बाकीच्यांनी उचललंय, त्याला मी काय करू?"

"फोटो बदलायला कुणी सांगितलं होतं रे तुला, मुडद्या?"

"तिथे मेलेला नवरा चालत नाही, तिया. लोकांना राग काढायला जिवंत माणूस लागतो."

अगदी थंडपणे म्हणाला. मी चप्पल फेकून मारली. लागली नाही, याचं मला आजही वाईट वाटतं.

पुढे रोज जोवीला फोन. रडले, समजावलं, तिच्या बापाची शपथ घातली. शेवटी ती विरघळली. "येते, नानाय. पण तो घरात नको. आणि कॅमेरा तर कुठेच नको." मी शब्द दिला. त्याच दिवशी नांतेचं सामान रस्त्यावर काढलं. बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं. टाकू दे, गेली खड्ड्यात.

विमानतळावर मी एकटीच गेले. जोवी सामानाची गाडी ढकलत बाहेर आली. वाळली होती पोर. मला बघून हसली. मी हात पसरले. आणि तिची नजर माझ्या खांद्यावरून मागे गेली. कुणाच्या घरी कोण येणार, हे आमच्या गल्लीत लपतं थोडंच? खांबापाशी नांते उभा होता, फोन उंच धरून.

"इंदाय जोवी, चष्मा काढ! डोळे दिसू देत!"

जोवीचं हसू तिथेच मावळलं. "शब्द दिला होतास ना, नानाय?"

"अगं, देवाशपथ, मला काय माहीत हा..."

तिने ऐकून घेतलंच नाही. गाडी वळवली आणि दुसऱ्या दारातून निघून गेली. हारोत मैत्रिणीकडे उतरलीय. मोलोहून एकदाच जीपनीत बसायचं, एवढंच अंतर. मी दारात जाऊन उभी राहिले, तर मैत्रीण म्हणाली, झोपलीय. भर दुपारी, आतून जोवीचा आवाज येत असताना.

आमच्या भेटीचा व्हिडिओ मात्र जिकडे तिकडे आहे. कुठे गाण्यासकट, कुठे नुसते फोटो, कुठे नांतेच्या रडक्या आवाजात. जोवी हसते, मी हात पसरते आणि लगेच आमची गच्च मिठी. परवा मासळीवाली डोळे पुसत म्हणाली, "किती छान भेटलात हो मायलेकी, मानांग पुरिंग! असा भाचा मिळायला भाग्य लागतं."

मिठी आमचीच आहे. पण चार वर्षांपूर्वी जोवी हाँगकाँगला निघाली, त्या दिवशीची. तेव्हाही हा मेला फोन घेऊन पोचवायला आला होता. नीट बघितलं तर कळतं, त्यात माझे केस अजून काळे आहेत. पण नीट कोण बघतंय?