गोटमारीच्या दिवशी दारात बसलेली मॅडम

आमच्या घरात देव्हारा नाही. लहानपणी कुणी पाहुण्यानं भूत, भानामती, अंगात येणं असलं काही काढलं, की त्याचा चहा अर्धा राहिला असला तरी बाबा त्याला दारापर्यंत सोडून यायचे. बुद्धवंदना, बावीस प्रतिज्ञा आणि कायदा... एवढ्यावर आमचं घर चाललं. त्यामुळे असल्या अनुभवांच्या सदरात लिहायला मी बसेन असं कुणी सांगितलं असतं, तर मी हसले असते. भुताखेतांवर माझा अजूनही विश्वास नाही. फक्त कायद्यावरचाही पहिल्यासारखा राहिलेला नाही.

मध्य प्रदेशात सौंसरहून पांढुर्ण्याकडे जाताना रस्त्याला लागून आमचं गाव आहे. गावाचं आणि ठाण्याचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. मी गावच्या पोस्टात डाकसेवक आहे. वय चव्वेचाळीस, लग्न केलेलं नाही. आई-बाबा गेल्यावर घरात मी एकटी होते. मग दोन वर्षांपूर्वी धाकटी बहीण रंजना नवऱ्याचं घर सोडून आली, एक पिशवी आणि शिलाई मशीन घेऊन.

नवरा दिलीप, ट्रॅक्टर मेकॅनिक. मारायचा. तो का मारायचा हे मी लिहिणार नाही, कारण लोक लगेच त्या कारणाची बाजू तपासायला लागतात. ती आल्यावर त्यानं आधी फोन केले, मग दारात येऊन शिव्या दिल्या. आम्ही ठाण्यात तीनदा अर्ज दिले. मुंशी अर्ज घ्यायचा, शिक्का मारायचा आणि म्हणायचा, "कुछ हुआ तो आना."

मग झालं. सौंसरच्या बसस्टँडवर भर सकाळी त्यानं रंजनाच्या खांद्यावर विळा मारला. पाच टाके. त्याला पकडलं, दीड महिन्यात जामीन झाला. सुटला त्याच दिवशी त्यानं निरोप पाठवला – "या डाव खांदा नाही, मान."

आता मात्र कोर्टानं संरक्षणाचा आदेश दिला. तो कागद हातात घेऊन मी रडले होते, इतकं बरं वाटलं मला. ठाण्यातून प्रमिला मॅडम नावाची एक महिला शिपाई दिवसा दारात बसायला लागली. पंचविशीची, बुटकी, हसरी पोरगी. निळ्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून मोबाइल बघायची, रंजनाकडून ब्लाउज शिवून घ्यायची. संध्याकाळी सहाला घरी जायची.

आदेश घेऊन ठाण्यात गेलो तेव्हा रंजनानं साहेबांना सरळ विचारलं होतं, "साहेब, मॅडम नसताना तो आला तं मी काय करू? मारू का त्याले?"

साहेब खुर्चीत सरळ झाले. "बाई, कानून हाथ में मत लेना. उलटा केस बनेगा तुम पर. हमको फोन करो, गाडी आएगी."

मला ते पटलं होतं. बाबांनी हेच तर शिकवलं होतं.

पोळा झाला. दुसऱ्या दिवशी पांढुर्ण्यात गोटमार असते. जाम नदीच्या दोन्ही काठांवर हजारो माणसं उभी राहून एकमेकांना दगड मारतात. परंपरा आहे. त्या दिवशी आजूबाजूच्या सगळ्या ठाण्यांची माणसं तिकडं बंदोबस्ताला जातात. आदल्या संध्याकाळी प्रमिला मॅडम म्हणाली, "ताई, उद्या मी नाही येऊन राहिली. माझी ड्युटी तिकडं लागली."

"मग इथं कोण?"

"कोणी नाही. तुमी दार लावून राहा न एक दिवस."

आम्ही दार लावून राहिलो. सुट्टी होती. दुपारी दोनच्या सुमारास रंजना मशीनवर होती, मी ज्वारी निवडत होते. मोटरसायकल थांबल्याचा आवाज आला. तो आवाज ओळखायला रंजनाला खिडकीत जावं लागलं नाही. तिचा पाय मशीनवर थांबला तो थांबलाच.

"आला," ती म्हणाली.

मी दाराची आडी, आतला अडसर, नीट बसली की नाही ते पाहिलं आणि मदतीच्या नंबरवर फोन लावला. बाहेर त्यानं फाटकाला लाथ मारली. फोनवरच्या मुलीनं नाव विचारलं, गाव विचारलं, जवळची खूण विचारली. मग म्हणाली, "मॅडम, आपके एरिया की गाडी बंदोबस्त में है. दूसरी गाडी भेज रहे हैं. लाइन पर बने रहिए."

"किती वेळ लागेल?"

"लाइन पर बने रहिए."

फाटकाची कडी तुटली. तो कुऱ्हाड घेऊन अंगणात येताना मला खिडकीतून दिसला. "रंजे, भाईर ये! तुही मॅडम दगडं मोजायले गेली." त्याला ठाऊक होतं, कारण साऱ्या गावाला ठाऊक होतं.

रंजना उठली आणि स्वयंपाकघरातून मुसळ घेऊन आली. तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. भीती नव्हती त्याच्यावर. ती म्हणाली, "ताई, दार उघड. एकडाव होऊन जाऊ दे."

"येडी झाली का? त्याच्या हातात कुऱ्हाड आहे."

"म्हनूनच म्हन्तो, उघड. तो दार फोडून आला तं आपन दोघी कोपऱ्यात सापडू. आता मी दारात उभी राहिली तं एक तरी मारीन."

मी तिच्या हातातलं मुसळ ओढून टाकलं. तिला खाली बसवलं, दाराला पाठ लावून मीही बसले आणि तिची दोन्ही मनगटं धरली. फोन जमिनीवर, स्पीकरवर. "गाडी येऊन राहिली, रंजना. साहेब काय म्हनले होते? आपल्यावर केस होईल." हे मी म्हणाले. माझ्या सख्ख्या बहिणीला, कुऱ्हाड घेतलेला माणूस दहा पावलांवर असताना, मी केसची भीती घातली.

कुऱ्हाडीचा पहिला घाव दारावर बसला. माझ्या पाठीला तो हाडापर्यंत लागला.

दुसरा बसला नाही.

त्याऐवजी बाईचा आवाज आला. मोठा नाही, ओरडणं नाही. कंटाळलेला म्हणावा तसा. "मागं सर."

दिलीप म्हणाला, "तू कोन वं?"

मग एक फटका. पऱ्हाटीचं वाळलेलं खोड गुडघ्यावर मोडावं तसा आवाज. आणि त्याची किंकाळी, आणि फरशीवर पडलेल्या लोखंडाचा खणखणाट. तो पळाल्याचं ऐकू आलं. मोटरसायकल दोन-तीनदा चालू होता होता बंद पडली, मग गेली.

रंजनाचे हात मी तेव्हाही धरलेले होते. हे मला इथं पुन्हा सांगायचं आहे. दार उघडलं नव्हतं. आडी जागेवर होती.

आम्ही खिडकीतून पाहिलं. सीताफळाच्या झाडाआडून अर्धंच अंगण दिसतं. खुर्चीवर खाकी कपड्यातली बाई बसली होती, आमच्याकडे पाठ करून, गुडघ्यांवर लाठी आडवी ठेवून रस्त्याकडे पाहत.

"मॅडम आली, ताई," रंजना म्हणाली आणि भिंतीला टेकून रडायला लागली.

मी खिडकीतूनच विचारलं, "मॅडम, चहा ठेवू का?" तिनं मागं न पाहता फक्त हात वर केला. थांब म्हणतात तसा.

तरी मी चहा ठेवला. दूध उतू गेलं. दहा मिनिटांनी आडी काढून कप घेऊन बाहेर आले तर अंगणात कुणी नव्हतं. कुऱ्हाड पडलेली, दारावर घावाची खोच, खुर्ची रिकामी. मला वाटलं, त्याच्या मागं गेली असेल. मी प्रमिला मॅडमला फोन लावला. पलीकडे नुसता गलका, ढोल, आरडाओरडा.

"मॅडम, तुमी कुठं गेल्या? बसा न, चहा झाला."

"काय? ताई, मोठ्यानं बोला! मी पुलाजवळ हाव, पांढुर्ण्यात! सकाळच्या सहापासून इथंच उभी हाव!"

समोरच्या घरातले नामदेवबुवा ओट्यावर बसलेले होते. त्यांनी सगळं पाहिलं होतं. "ते बाई? कुठून आली ते नाही दिसलं बा. पन उंच होती. केस अर्धे पिकलेले. पोट्ट्यानं कुऱ्हाड उचलली अन् तिनं हात हलवला, बस. गेली कवा, ते बी नाही दिसलं. मी बिडी पेटवाले खाली पाह्यलं, तेवढ्यात."

मदतीची गाडी आली नाही. पण संध्याकाळी पाच वाजता दोन गाड्या आल्या.

दिलीपनं दवाखान्यात जाऊन सांगितलं होतं की पोलिसवाल्या बाईनं लाठी मारून त्याचं मनगट मोडलं. दोन ठिकाणी हाड तुटलेलं, हे खरंच. आता ठाण्याला प्रश्न पडला. रजिस्टरप्रमाणे त्या दिवशी तिथं कुणाचीच ड्युटी नव्हती. मग खाकी घालून कोण बसलं होतं? आमच्यावर संशय आला. दुपारी ज्यांच्याकडे एक गाडी नव्हती, त्यांनी आमचं घर दीड तास उलटंपालटं केलं, वर्दी शोधायला. ज्वारीच्या कोठीत हात घातला. रंजनाच्या शिवायच्या कापडांचे गठ्ठे सोडले.

"वर्दी कहाँ है? किस को पहनाई थी?" साहेब विचारत होते. "पता है, ये कितना बडा जुर्म है?"

मी कुऱ्हाड दाखवली, दारावरची खोच दाखवली. फोनमधला कॉल दाखवला – अकरा मिनिटं चाललेला. साहेबांनी तो पाहिला आणि मोबाइल परत दिला. नामदेवबुवांचं बयान लिहून घेतलं नाही. त्यांच्या एका डोळ्यात मोतीबिंदू आहे म्हणे.

दुसऱ्या दिवशी सौंसरला आमचे वकील होते त्यांच्याकडे गेलो. भला माणूस. त्यांनी सगळं ऐकलं, चष्मा काढला, डोळे चोळले.

"ताई, मी तुमच्यावर विश्वास ठेवतो. पण कोर्टात मी हे कसं सांगू? कोणीतरी आली, मारलं, गेली? ते विचारतील – कोण? तुम्ही म्हणाल, माहीत नाही. मग तोतया पोलिस बनवल्याची केस उभी राहील. त्यापेक्षा रंजनाताईंनी म्हणावं, मी मारलं. स्वतःचा जीव वाचवायला मारलं. कायद्यात तो हक्क आहे."

"साहेब तं म्हनले होते, मारलं तं केस होईल," मी म्हणाले.

"होईल. पण सुटता येईल. खाकी कापड रंजनाताईंच्या अंगावर होतं म्हणू, त्याला घाईत वर्दी वाटली."

मी काही बोलायच्या आत रंजना म्हणाली, "लिहा. मी मारलं."

तिनं सही केली. तिच्यावर केस झाली, त्याच्यावर आधीची होतीच. मग दोन्हीकडून माणसं यायला लागली. त्याचे भाऊ, गावचे शहाणे, ठाण्यातला मुंशीसुद्धा. दोन्ही केसेस आहेत, दोघांनाही त्रास, राजीनामा करून टाका. आमच्याकडे तडजोडीला राजीनामा म्हणतात. विळ्याचे पाच टाके एका पारड्यात आणि कुणी मोडलं ते ठाऊक नसलेलं मनगट दुसऱ्या पारड्यात. बरोबर झालं म्हणे. शेवटी केलं आम्ही. फारकत तेवढी मिळाली.

आणि दारातली ड्युटी बंद झाली. मी विचारायला गेले तर साहेब हसत म्हणाले, "अब आपको गार्ड की क्या जरूरत? आपकी बहन तो खुद ही पुलिस है."

तिथं बसलेले सगळे हसले.

मी नंतर खूप विचारपूस केली. गावात, लोधीखेड्यात, मोहगावात ओळखीच्या माणसांना विचारलं – अशी उंच, अर्धे केस पिकलेली कुणी शिपाई बाई आहे का, होती का? असं काही लिहिलं की लोकांना शेवटी एक मेलेली बाई लागते, फोटोतून ओळखता येणारी. मला तशी कुणी सापडली नाही. आमच्या भागात तशी कुणी नोकरीला नव्हती, कुणी मेली नव्हती. प्रमिला मॅडमनं जुन्या लोकांनाही विचारून पाहिलं. काही नाही. जिवंत बाई असेल तर ती कुठून आली, कुठं गेली, तिला कुणी सांगितलं... आणि नसेल तर हाड कशानं मोडलं? डॉक्टरचा कागद आहे माझ्याकडे.

दिलीप सौंसरच्या बाजारात कधी दिसतो. रंजनाला पाहिलं की रस्ता ओलांडून पलीकडे जातो. त्याला भेटून विचारावं असं मला अनेकदा वाटलं, कारण त्या बाईचा चेहरा सगळ्यात जवळून पाहिलेला माणूस तोच. पण त्याच्याशी बोलायला तोंड उघडत नाही.

रंजना आता गावातल्या पोरींना शिवणकाम शिकवते. त्या पोरी तिला विचारतात, मावशी, खरंच मारलं का तुम्ही? सुरुवातीला ती विषय बदलायची. आता सांगते. मागच्या महिन्यात मी आतल्या खोलीत टपाल लावत बसले होते आणि ती बाहेर सांगत होती, सगळं बारीकसारीक – त्यानं कुऱ्हाड कशी उचलली, तिनं मुसळ कसं धरलं, फटका बसल्यावर हातापासून खांद्यापर्यंत कशी कळ गेली. ती खोटं बोलत नव्हती. तिला तसंच आठवतं आता.

एका पोरीनं विचारलं, "पन दार तं बंद होतं न, मावशी?"

"माह्या ताईनं उघडून दिलं," रंजना म्हणाली. "म्हने, जा."

मी आत बसून ऐकत होते. बाहेर जाऊन काही बोलले नाही. आजपर्यंत बोललेले नाही.