तोलाचा गडी

कुणाशी ओळख करून दिली, की वस्ताद आधी त्याचं मनगट चाचपायचे. तुम्हीही कधी त्यांच्या तावडीत सापडला असाल. मनगट, मग मान, मग निकाल: "तुमची जोड न्हाय पावणं आमच्यात."

मैदानात कुस्तीच्या जोड्या लावण्यात त्यांची हयात गेली. व्यासपीठावर भाषणं चालत, तेव्हा हे मातीच्या कडेला दोन गडी शेजारी उभे करून न्याहाळत असत. "जोड तोलाची पायजे," एवढंच त्यांचं तत्त्वज्ञान. भाषणांपेक्षा आखूड आणि उपयोगी.

बायको वारली, लेक कागलला सासरी, मैदानात कुणी बोलवेना. जावयाने दिलेल्या फोनवर त्यांना गदायुद्धाचा एक खेळ सापडला. त्यात प्रतिस्पर्धी खेळच शोधून द्यायचा. संध्याकाळी बहुतेक 'ढाण्या' नावाचा कुणीतरी मिळे. कोण, कुठला, ठाऊक नाही. आज तो जिंके, उद्या हे.

"मास्तर, तोलाचा गडी हाय," ते मला सांगत. एवढं कौतुक त्यांनी माझं कधी केलं नाही.

मग खेळात सोन्याची गदा विकायला आली आणि ढाण्या मिळेनासा झाला. रोज समोर सोन्याच्या गदेवाला, रोज मार.

"ही जोड मुद्दाम लावल्याली हाय," वस्तादांनी लगेच ओळखलं. "मार खाल्ला की माणूस गदा इकत घेतोय."

"मग घेऊ नका."

"घेतली की काल! ह्यास्नी हरवलं तर ढाण्या परत गाठ पडंल, वाटलं."

गदा आल्यावर खेळाने त्यांच्यापुढे नवशिके उभे केले. एका फटक्यात विजय, पडद्यावर फटाके. जिंकून इतका ओशाळलेला माणूस मी पाहिला नाही. सत्काराच्या खुर्चीत तर नाहीच. नावानं माणूस शोधायची सोय त्या खेळात नव्हती.

शेवटी त्यांनी ठरवलं, हरत हरत खेळाच्या क्रमवारीत खाली उतरायचं, ढाण्याच्या तोलापर्यंत. जन्मात कधी आधीच निकाल ठरवलेली नुरा कुस्ती लावू न दिलेला माणूस कट्ट्यावर बसून, खेळात गदा खाली सोडून, मुद्दाम मार खाऊ लागला.

"मारू दे," नवशिक्याकडे बघत ते म्हणत. "अजून खाली जायला पायजे."

दिवाळीनंतर ते गेले. लेक घर आवरायला आली, तेव्हा तिने फोन माझ्या हातात दिला. "मास्तरकाका, बगा की, आबा सारखं ह्यात काय बगत व्हते?"

मी खेळ उघडला. समोर ढाण्या आला. त्याच्याही हातात सोन्याची गदा होती, आणि ती खाली सोडून तो नुसता उभा होता.

मला खेळता येत नाही. वेळ संपेपर्यंत दोघंही तसेच उभे राहिले. बरोबरीत सुटली.