टिटवीचं बिऱ्हाड

चहा ओता आधी, आणि हसायचं असेल तर शेवटी एकदाच हसा. मी एका टिटवीची अंडी उचलली आणि अख्ख्या गावाचा पाऊस ठरवून बसलो! खोटं वाटतंय ना?

आमचं गाव कोपरगावच्या खालच्या अंगाला, गोदावरीकाठी. पात्राच्या मधोमध एक बेट होतं. बाभळी, गवत, आणि पाखरं म्हणाल तर विचारूच नका! चहूबाजूंनी पाणी, त्यामुळे तिथं ना शेळी जायची, ना कुत्रं. आम्ही पोरं काठावर बसून तो कलकलाट ऐकायचो. काय दिवस होते हो ते! अजून आठवलं की जीव हुरहुरतो.

मग बहात्तरचा दुष्काळ पडला. नदी आटली आणि बेटाचं बेटपणच गेलं. पुढच्या उन्हाळ्यात शेळ्या चालत तिथं चरायला जाऊ लागल्या, त्यांच्यामागे कुत्री. मी नगरच्या कॉलेजातून सुट्टीवर आलेलो, अंगात नवी हुशारी! बेटाच्या पायथ्याला, वाळूत, नेमकी कुत्र्यांच्या वाटेवर टिटवीची अंडी दिसली. ठरवलं, निदान एवढी तरी वाचवायचीच.

रोज थोडी थोडी वर सरकवत गेलो. टिटवी डोक्यावर घिरट्या घालून मला शिव्या मोजायची, पण अंडी ठेवली की येऊन बसायची. असं करत करत तिचं बिऱ्हाड बेटाच्या पार माथ्यावर नेलं. तिथं भोवती बाभळीचे काटे पसरलेले, कुत्रं फिरकत नव्हतं. मी खूश!

आता आमच्याकडे काय मानतात, ठाऊक आहे ना? टिटवीनं खाली पात्रात अंडी घातली तर पाऊस बेताचा, उंचावर घातली तर पूर! मला हे ठाऊक नव्हतं का? होतं की! पण कॉलेजात गेलेला माणूस असल्या गोष्टी कुठं लक्षात ठेवतो?

एके दिवशी शेजारचे नामाअण्णा चुकलेली शेळी शोधायला बेटावर गेले आणि पळतच परत आले.

"आरं, टिटवी माथ्यावर बसलीया! बेट बुडतंय यंदा!"

झालं! गाव नाचायलाच लागलं. आमचे वडील, म्हणजे दादा, सगळ्यांत पुढे. आमच्या अंगणात कडब्याची शेवटची गंजी उरली होती. पावसापर्यंत आमची बैलजोडी जगायची ती तिच्यावरच. दादांनी सगळ्यांना हाक मारली.

"न्या रं, न्या! पाऊस आलाच म्हना. माझीच जनावरं जगून काय करायचंय?"

पेंढ्या भराभर निघाल्या. शेवटी ओरडलोच, "दादा, थांबा! ती अंडी मी नेऊन ठेवलीत तिथं!"

दादांच्या हातात पेंढी तशीच. तेवढ्यात नामाअण्णांची बायको, बायजाकाकू, पुढे झाली.

"पर टिटवी बसली न्हवं तिथं?"

"बसली."

"मग? तिला पटल्याबिगर बसली व्हय? द्या भावजी, ती पेंढी हिकडं द्या."

गंजी संपली. दादा माझ्याकडे वळून एवढंच म्हणाले, "टिटवीचं बघितलंस, आता बैलांचं बघ." कालव्यावरच्या मळ्यांतून उसाचं वाढं, म्हणजे शेंड्याचा हिरवा पाला, डोक्यावर आणता आणता माझी मान आखडली. बैल जगले. टिटवीची पिल्लंही काट्यांतून तुरुतुरु पळाली.

आणि मृगात पाऊस आला! नदी दुथडी वाहिली, बेट पुन्हा बेट झालं. काठावर उभा राहून मी चक्क रडलो. आज तिथली निम्मी वाळू ट्रकांनी नेली, पावसाचा काही नेम राहिला नाही, आणि टिटवी ओरडली तरी कुणी मान वर करत नाही. फार वाईट वाटतं.

तेव्हा मात्र भलतंच! पुढच्याच साली पावसानं ओढ दिली, आणि नामाअण्णा चांगली दहाबारा माणसं घेऊन आमच्या दारात हजर.

"टिटवीची अंडी कुटं हायती यंदा?"

"खाली, वाळूत," मी घाबरून म्हणालो. "पण शपथ घेतो अण्णा, यंदा मी हातसुद्धा लावला नाही!"

"त्येच इचारतोय," अण्णा कडाडले, "का न्हाई लावला?"